पाळी लांबवणे

पाळी लांबवणे किंवा पाळी पुढे ढकलणे म्हणजे अपेक्षित तारखेला येणारा मासिक ऋतुस्राव औषधाच्या साहाय्याने हेतुपुरस्सर काही दिवस उशिरा आणणे. प्रवास, सहल, लग्नकार्य, परीक्षा, क्रीडास्पर्धा, तीर्थयात्रा आणि घरातील धार्मिक कार्ये ही त्याची नेहमीची कारणे होत. या कामी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे नॉरएथिस्टेरोन. प्रोजेस्टेरॉन या स्त्रीशरीरातील संप्रेरकासारखे कार्य करणारे ते कृत्रिम संप्रेरक आहे. निरोगी स्त्रीने वैद्यकीय सल्ल्याने, मोजक्या दिवसांसाठी घेतल्यास हा उपाय सामान्यतः सुरक्षित मानला जातो. मात्र काही स्त्रियांना तो वर्ज्य असतो आणि हे चौकशीवाचून कळत नाही. मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत या गोळ्यांचा संबंध विशेषेकरून गणेशोत्सवाशी व त्या निमित्ताने होणाऱ्या कोकणच्या प्रवासाशी येतो.

संज्ञा

मराठीत ऋतुस्रावाला ‘पाळी’ म्हणतात. पाळी म्हणजे क्रमाने येणारा वार किंवा वेळ; पाण्याची पाळी, पहाऱ्याची पाळी हे त्याच शब्दाचे प्रयोग. ‘पाळी चुकली’ या वाक्प्रयोगात गर्भधारणेची सूचना असते, तर ‘पाळी लांबली’ यात केवळ उशीर. ‘पाळी लांबवली’ या प्रयोजक रूपात मात्र कर्ता आला आणि त्याचा हेतूही आला. हे रूप गोळ्यांच्या काळातले असावे असे वाटते, कारण त्यापूर्वी ही गोष्ट कोणाच्या हाती नव्हती.

ऋतुस्रावाचा थेट उल्लेख टाळण्यासाठी मराठीत अनेक पर्याय रूढ आहेत. ‘बाहेरची’, ‘दूर बसणे’, ‘कावळा शिवणे’, ‘अडचण’, ‘चार दिवस’ हे जुने. मुंबईच्या बोलण्यातले ‘एमसी’, ‘डेट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हे नवे. संस्कृतातून आलेले ‘रजस्वला’ आणि ‘ऋतुमती’ हे शब्द आता ग्रंथांपुरते उरले आहेत. औषधाच्या दुकानात या गोळ्या क्वचितच नावाने मागितल्या जातात. ‘पुढे जायच्या गोळ्या’ एवढे म्हटले की विक्रेत्याला समजते. या संकोचाचा परिणाम भाषेपुरता राहत नाही. नाव न घेता मागितलेल्या औषधाबद्दल प्रश्नही विचारले जात नाहीत, आणि विचारायला हवे असलेले प्रश्न या औषधाच्या बाबतीत बरेच आहेत.

गिरगाव ते लालबाग : सामाजिक पार्श्वभूमी

गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये सुरू झाला. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ मधील आहे. सार्वजनिक मंडपाच्या दर्शनरांगेत स्त्रीला तिच्या पाळीविषयी कोणी विचारत नाही. बंधन असते ते घरच्या मूर्तीचे, आणि तेही बहुधा स्त्रियांनी स्वतः पाळलेले किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी सांगितलेले. भाद्रपद शुद्ध तृतीयेला हरितालिका, चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा, पंचमीला ऋषिपंचमी, पुढे अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व मूळ नक्षत्रावर विसर्जन, अशी ही सलग दिवसांची साखळी आहे. उकडीच्या मोदकांपासून गौरीच्या नैवेद्यापर्यंतचे स्वयंपाकघरातील बहुतेक काम स्त्रियांकडे असते. त्यामुळे घरात कामाला एकच सून असेल आणि तिची तारीख याच आठवड्यात पडत असेल, तर अडचण तिची एकटीची राहत नाही. पूजा कोण करणार, नैवेद्य कोण रांधणार, सवाष्णीला जेवायला कोण वाढणार, असे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांचे सर्वांत सोपे उत्तर म्हणून गोळीचे नाव निघते.

ऋषिपंचमीचा येथे वेगळा उल्लेख करणे अगत्याचे आहे. रजस्वला असताना स्पर्शास्पर्शाच्या नियमांत कळत-नकळत झालेल्या चुकांचे परिमार्जन व्हावे, हा या व्रताचा परंपरेने सांगितलेला हेतू आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकवलेले धान्य खात नाहीत. कंदमुळांची व पालेभाज्यांची ‘ऋषीची भाजी’ त्यातूनच आली. गणपती घरात असताना दुसऱ्याच दिवशी येणारे हे व्रत ऋतुस्रावाच्या विटाळाची कल्पना दरवर्षी नव्याने समोर आणते. या कल्पनेला मराठीत विरोधही जुनाच आहे. देह ज्यातून घडतो त्यालाच विटाळ म्हटले तर विटाळापासून मुक्त कोण, हा प्रश्न चौदाव्या शतकातील संत सोयराबाईंनी आपल्या अभंगातून विचारला. विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून स्त्रीशरीराविषयी कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते; या कार्यापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली.

चाळीतील जागेचाही या प्रश्नाशी संबंध आहे. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरगावातील खासगी चाळींतील बिऱ्हाडेही फार मोठी नसत. शौचालये मजल्याच्या टोकाला व सामायिक. कोकणातील घरात पडवी किंवा मागची खोली असे आणि ‘बाहेर बसणे’ शब्दशः शक्य होते. एका खोलीत सात-आठ माणसे राहत असताना वेगळे बसायचे कुठे? म्हणून मुंबईत ही प्रथा बऱ्याच घरांत आपोआप सैल झाली. स्वयंपाक, पाणी, नोकरी सारे चालू राहिले, केवळ देवाला शिवायचे नाही एवढाच नियम उरला. मात्र सणाच्या दिवशी देवच खोलीच्या मध्यभागी येऊन बसतो, तेव्हा हा उरलेला नियमही जाचक होतो. शिवाय देव्हाऱ्यापासून दूर राहिलेल्या सुनेकडे पाहून आलेल्या-गेलेल्यांना तिची तारीख कळते ती निराळीच.

चाकरमान्यांच्या कुटुंबांत याला प्रवासाची जोड मिळते. गणपतीसाठी दादरहून रेल्वेने किंवा एसटीने रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जायचे, तर सावंतवाडीपर्यंतचे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून प्रवास सुकर झाला, तरी उत्सवाच्या गर्दीत गाडीतील स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे कठीण असते, आणि महामार्गावर वाहने तासन्‌तास खोळंबतात. अशा प्रवासात पाळी नको असे वाटणे यात विटाळाचा काही संबंध नाही. ती साधी सोयीची बाब आहे. गोळी घेण्यामागे सोय किती आणि सक्ती किती, हे एकाच घरातील दोन स्त्रियांच्या बाबतीतही वेगळे असू शकते.

ही गरज एका धर्मापुरती मर्यादित नाही. हजयात्रेतील तवाफ, म्हणजे काबागृहाची प्रदक्षिणा, ऋतुस्रावाच्या काळात करता येत नाही. यात्रेचे दिवस ठरलेले असल्याने मध्य मुंबईतील मुस्लिम वस्तीतून जाणाऱ्या यात्रेकरू स्त्रियाही निघण्यापूर्वी याच गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारतात.

शरीरशास्त्रीय आधार

अंडविमोचनानंतर अंडाशयात तयार होणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे आतील अस्तर टिकवून धरते. गर्भधारणा झाली नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी त्याची पातळी खाली येते, अस्तर सुटते आणि स्राव सुरू होतो. ही पातळी खाली येण्यापूर्वीच बाहेरून तसेच संप्रेरक देत राहिले तर अस्तर जागेवर राहते, आणि गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत स्राव येतो. थोडक्यात, पाळी ‘साठून’ राहत नाही. अडवलेले रक्त अंगात राहते व त्याने विषबाधा होते ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत निराधार आहे. असे रक्त तयारच झालेले नसते.

नॉरएथिस्टेरोनचा शोध मेक्सिको सिटीतील सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत ऑक्टोबर १९५१ मध्ये लागला. लुईस मिरामोंतेस, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. रानटी कंदापासून मिळणाऱ्या द्रव्यापासून संप्रेरके बनवण्याच्या उद्योगातून ते पुढे आले. आधुनिक गर्भनिरोधक गोळ्यांच्या मूळ घटकांपैकी ते एक होय.

नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या

प्रचलित मात्रा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा अशी आहे. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरुवात करून पाळी जितके दिवस टाळायची तितके दिवस गोळ्या चालू ठेवतात. एकूण काळ सर्वसाधारणपणे १० ते १४ दिवसांच्या पुढे नेत नाहीत. प्रायमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन इत्यादी व्यापारी नावांनी त्या भारतात मिळतात. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाचे औषध आहे. प्रत्यक्षात ते चिठ्ठीशिवाय सहज दिले जाते, हे मात्र सर्वांच्या अनुभवाचे आहे.

उशिरा सुरुवात केल्यास परिणाम अनिश्चित असतो, आणि स्राव सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पाळी ‘परत पाठवत’ नाही. मधली एखादी मात्रा चुकल्यास डाग दिसू लागतात. पाळी अनियमित असणाऱ्या स्त्रियांची, उदाहरणार्थ बहुपुटीय अंडाशय विकार असणाऱ्यांची, तारीखच सांगता येत नसल्याने सुरुवात केव्हा करायची हे ठरवणे अवघड जाते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींचेही तसेच. त्यांना हे औषध घरच्या घरी देणे योग्य नाही.

या मात्रेत या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून गृहीत धरता येत नाहीत. शिवाय गर्भ राहिल्यामुळेच पाळी लांबली असेल तर गोळ्यांमुळे ते उशिरा लक्षात येते. म्हणून शंका असल्यास आधी गर्भचाचणी करतात. गोळ्या थांबवून आठवडा उलटला तरी स्राव आला नाही, तर ती पुन्हा करणे आवश्यक असते.

मळमळ, पोट फुगणे, स्तन दुखरे होणे, डोकेदुखी आणि चिडचिड या तक्रारी आढळतात. नंतर येणारी पाळी काहींना नेहमीपेक्षा अधिक जाते. प्रासंगिक वापराने वंध्यत्व येते या भीतीला आधार नाही.

रक्तातील गुठळी आणि लांबचा प्रवास

या औषधाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट फारशी माहीत नसते. शरीरात गेल्यावर नॉरएथिस्टेरोनचा काही अंश एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरोन घेणे हे २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल घेण्यासारखे ठरते, म्हणजे जवळजवळ संयुक्त गर्भनिरोधक गोळीइतकेच. त्यामुळे शिरेत गुठळी होण्याचा संयुक्त गोळीचा धोका येथेही विचारात घ्यावा लागतो. संप्रेरके न घेणाऱ्या तरुण स्त्रियांत वर्षाला दर १०,००० मागे सुमारे दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात आहे. आकडा लहान आहे. परंतु गुठळी पायाच्या शिरेतून फुप्फुसात गेली तर ती प्राणघातक ठरू शकते.

चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून केलेला प्रवासही, वाहन कोणतेही असो, गुठळीचा धोका सुमारे दुप्पट करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात नमूद आहे. गोळी घेऊन बारा-चौदा तास बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही दोन कारणे एकत्र येतात. त्यातच स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी न पिण्याची सवय असते. अशा प्रवासात मधूनमधून उठून चालणे, पोटऱ्यांची हालचाल करणे आणि पाणी पीत राहणे हितावह असते.

स्वतःला पूर्वी गुठळी झालेली असणे किंवा आई, बहीण अशा जवळच्या नातलगांना ती लहान वयात झालेली असणे, यकृताचा गंभीर आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न समजलेला रक्तस्राव, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून होणारी अर्धशिशी, या परिस्थितीत हे औषध टाळतात. अतिस्थूलता, धूम्रपान, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असल्यास विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागतो. अशा काही स्त्रियांसाठी डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अॅसिटेट हा पर्याय सुचवतात. त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या औषधांमुळे गोळीचा परिणाम घटतो. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत क्षयाचे उपचार घेणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

एकाच पोटरीला सूज, उष्णता व दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे, असह्य डोकेदुखी किंवा दृष्टी अंधूक होणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच गोळ्या बंद करून तातडीने रुग्णालयात जावे लागते. विसर्जन होईपर्यंत थांबणे धोक्याचे असते.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या व इतर मार्ग

नियमितपणे संयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला वेगळ्या औषधाची गरज नसते. सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या माला-एन आणि अल्प किमतीत विकल्या जाणाऱ्या माला-डी यांच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. स्राव येतो तो लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत. त्या सात वगळून दुसऱ्या दिवसापासून नवे पाकीट सुरू केल्यास तो येत नाही. सात दिवसांचा हा खंड शरीराची गरज म्हणून नव्हे, तर नैसर्गिक चक्राचे अनुकरण म्हणून योजलेला होता.

गणेशचतुर्थीची तिथी वर्षभर आधी पंचांगात किंवा भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये पाहता येते. त्यामुळे दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून संयुक्त गोळीने चक्रच थोडे सरकवून घेणे शक्य असते. असे करणाऱ्या स्त्रिया थोड्या. बहुतेकींना आठवण होते ती मखर बांधायला घेतल्यावर.

दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त गर्भाशयांतर्गत साधन यांमुळे काहींची पाळी बंद होते, परंतु ती दीर्घकालीन गर्भनिरोधके आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या ‘सहेली’ अथवा ‘छाया’ या गोळीने पाळी लांबू शकते. हा तिचा अनुषंगिक परिणाम असून त्यासाठी ती वापरायची नसते. संभोगोत्तर तातडीची गोळीही या कामाची नाही. तिने तारीख बिघडते, पण कोणत्या बाजूला हे सांगता येत नाही. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या स्राव कमी करतात, पुढे ढकलत नाहीत. प्रवासाचीच चिंता असणाऱ्यांना मासिक पाळीचा कप हा औषधाविना पर्याय आहे. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा हरभऱ्याची डाळ घेतल्याने पाळी लांबते या घरगुती सांगण्याला पुरावा नाही.

तिथी आणि तारीख

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या घटस्थापनेपर्यंत २७ तिथी आहेत. त्यामुळे अठ्ठावीस दिवसांचे चक्र असणाऱ्या ज्या स्त्रीची तारीख नेमकी चतुर्थीला पडते, तिची पुढची पाळी नवरात्राच्या दुसऱ्या माळेच्या सुमारास येते. पाच दिवसांच्या गणपतीपर्यंत गोळ्या घेतल्यास पुढची दसऱ्याच्या आसपास, तर अनंत चतुर्दशीपर्यंत घेतल्यास कोजागिरीच्या सुमारास. म्हणजे गणपतीत एकदा गोळी घेतली की नवरात्राचाही हिशेब सुरू होतो, आणि काही घरांत लागोपाठ दोन महिने गोळ्या घेतल्या जातात. वरचेवर असे केल्याने चक्र अनियमित होऊन पुढची तारीख ओळखणे अधिकच कठीण होते.

सल्ल्याची उपलब्धता

परळ परिसरात १९२६ मध्ये सुरू झालेली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (केईएम) आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन मोठी रुग्णालये आहेत. शिवाय प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्थाही परळमध्येच आहे. लालबागच्या घरातून स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षापर्यंतचे अंतर चालत जाण्याइतके असते. तरीही केसपेपर काढून, अर्धा दिवस रांगेत बसून ‘गणपतीसाठी पाळी लांबवायची आहे’ असे सांगणे अनेकींना अवघड वाटते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते एका वाक्यात होते. रक्तदाब, वजन, पूर्वीचे आजार व घरातील गुठळीचा इतिहास ही चौकशी पाच मिनिटांची आहे. ती टेलिफोनवरूनही कुटुंबाच्या डॉक्टरांना करता येते.

सक्तीची बाजू

पाळीचा अडथळा दूर करण्याचे याहून कितीतरी कठोर उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून जाणारी जोडपी ‘कोयता’ म्हणून उचल घेतात. कामावर खाडा झाला की दंड बसतो, आणि फडावर पाणी व आडोसा दोन्ही नसतात. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढल्याची माहिती २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली, त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. लालबागच्या खोलीतली दहा दिवसांची गोळी आणि फडावरच्या स्त्रीची शस्त्रक्रिया यांत फार अंतर आहे. कामाच्या वेळापत्रकाशी शरीर जुळवून घेण्याची अपेक्षा मात्र दोन्हीकडे स्त्रीकडूनच केली जाते.

गिरगाव-दादरच्या अनेक घरांत अलीकडे पाळी असतानाही सुना-मुली मोदक करतात, आरतीला उभ्या राहतात; काही घरांत फक्त मूर्तीला हात लावत नाहीत, काही घरांत तेवढेही पाळत नाहीत. जेथे सासूनेच ‘गोळी नको घेऊस, मी बघते’ असे म्हटले, तेथे हा बदल लवकर झाला. गोळी घेणाऱ्या स्त्रियाही सगळ्याच दबावाखाली घेतात असे नाही. वर्षातून एकदा गावी जाऊन गौरी स्वतःच्या हाताने सजवायची, हा आनंद चुकू नये म्हणून हौसेने घेणाऱ्याही असतात.